न झालेल्या रस्त्याची पुण्याई

सिसिली बेटाच्या वायव्य कोपऱ्यात, स्कोपेल्लो नावाच्या चिमुकल्या गावापासून थोड्याच अंतरावर, डोंगराच्या कड्यात खोदलेला एक बोगदा आहे. लांबीने तो अगदीच लहान. एका तोंडाशी उभे राहिले की दुसऱ्या तोंडाचा उजेड स्पष्ट दिसतो. मोटारींची वाहतूक व्हावी म्हणून तो खोदला गेला, परंतु ती वाहतूक कधीच सुरू झाली नाही. बोगद्याच्या पलीकडे रस्ता संपतो आणि पायवाट सुरू होते. उजव्या हाताला निळा समुद्र, डाव्या हाताला उघडा डोंगर आणि मधून जाणारी ती वाट. झिंगारो या संरक्षित निसर्गक्षेत्राचे हे दक्षिणेकडील द्वार होय.

गेल्या वर्षी मे महिन्यात मी, माझी पत्नी, मुलगा आणि सून असे चौघे जण या बोगद्यातून आत गेलो. आमचा घाऊक कापडाचा व्यापार तीन पिढ्यांचा आहे. व्यापारी माणसाला रस्त्याचे महत्त्व कोणी समजावून सांगावे लागत नाही. माल रस्त्याने येतो, गिऱ्हाईक रस्त्याने येते आणि ज्या गावाला रस्ता नाही त्या गावाची पेठ वाढत नाही, हे आम्ही लहानपणापासून ऐकत आलो. त्यामुळे तो बोगदा पाहताच मुलगा म्हणाला, “पप्पा, काम अर्धवट टाकलेले दिसते. एवढा खर्च करून मध्येच थांबले, म्हणजे पैसा पाण्यात!” मलाही तसेच वाटले. पुढील सात किलोमीटरच्या चालीत ते मत कसे पालटत गेले, हेच आज वाचकांपुढे मांडायचे आहे.

रस्ता का थांबला?

झिंगारोचा किनारा कास्तेल्लाम्मारेच्या आखाताच्या पश्चिम अंगाला आहे. त्याच्या दक्षिण टोकाला स्कोपेल्लो आणि उत्तरेकडे सान व्हितो लो कापो ही गावे. समुद्रावरून पाहिले तर दोन्ही गावे एकमेकांना जवळ. परंतु मोटारीने जायचे म्हटले तर डोंगराला सुमारे तासाभराचा वळसा घालावा लागतो. गेल्या शतकाच्या आठव्या दशकात हा वळसा वाचवण्यासाठी समुद्राच्या कडेकडेने थेट रस्ता काढण्याची योजना पुढे आली आणि स्कोपेल्लोच्या बाजूने डोंगर फोडण्यास आरंभही झाला. गावे जोडली जातील, प्रवासी येतील, हॉटेले उभी राहतील, जमिनींना भाव येईल, असे त्या योजनेचे गणित होते. हे गणित चुकीचे होते असे म्हणता येणार नाही. कोणत्याही पेढीवर ते मांडले असते तर मुनीमजींनी त्याखाली नफाच लिहिला असता.

मात्र सिसिलीच्या लोकांच्या डोळ्यांसमोर आणखी एक हिशेब होता. या किनाऱ्यापासून फारशा दूर नसलेल्या पालेर्मो शहराभोवती पूर्वी संत्र्या-लिंबांच्या बागांचा मोठा पट्टा होता. त्याला ‘सोन्याचे खोरे’ अशा अर्थाचे नाव होते. १९५० आणि १९६० च्या दशकांत राजकारणी, ठेकेदार आणि गुन्हेगारी टोळ्या यांच्या संगनमताने तेथे सिमेंटच्या इमारती अशा काही उभ्या राहिल्या, की त्या काळाला आजही ‘पालेर्मोची लूट’ म्हणूनच ओळखतात. जुने वाडे पाडले गेले आणि बागा बुजल्या. समुद्रकाठच्या अनेक गावांतही सुट्टीच्या घरांची रांग पाण्यापर्यंत जाऊन भिडली. रस्ता आला की त्याच्या मागून काय काय येते, हे लोकांनी स्वतः पाहिले होते.

म्हणून १८ मे १९८० रोजी हजारो माणसे या किनाऱ्यावर जमली आणि त्यांनी रस्त्याच्या विरोधात शांततेने पदयात्रा काढली. हाती शस्त्र नव्हते, मोडतोड नव्हती. जो किनारा वाचवायचा होता त्यावरून ती माणसे नुसती चालत गेली. या यात्रेचा परिणाम असा झाला की काम थांबले आणि पुढील वर्षीच, ६ मे १९८१ रोजी, सिसिलीच्या प्रादेशिक विधानसभेने निसर्गक्षेत्रांविषयीचा ९८ क्रमांकाचा कायदा केला. झिंगारो हे सिसिलीतील पहिले संरक्षित निसर्गक्षेत्र ठरले. सुमारे १,६५० हेक्टर डोंगर आणि सुमारे ७ किलोमीटर किनारा असा त्याचा विस्तार आहे. त्या विस्तारात आज मोटारीचा एकही सार्वजनिक रस्ता नाही.

ही हकीकत सुनेने प्रवासाला निघण्यापूर्वीच वाचून ठेवली होती. बोगद्याच्या सावलीत उभे राहून तिने ती सांगितली तेव्हा मुलगा गप्प राहिला. पण पटल्याचे चिन्ह त्याच्या चेहऱ्यावर नव्हते. “थोडे लोक चालतात म्हणून सगळ्यांनी वळसा घालायचा,” एवढेच तो पुटपुटला.

पायवाटेवर

वाट रुंद नाही, पण सोपी आहे. किनाऱ्याची वाट खालून, दुसरी डोंगराच्या मध्यावरून आणि तिसरी माथ्याकडून अशा तीन वाटा या क्षेत्रातून जातात. आम्ही अर्थातच खालची धरली. पहिल्या काही मिनिटांतच जाणवली ती शांतता. ही शांतता मुकी नव्हती. लाटांचा आवाज होता, गवताची सळसळ होती, कुठेतरी एखादा पक्षी बोलत होता. परंतु यंत्राचा आवाज नव्हता. पेठेत राहणाऱ्या माणसाच्या कानांना ही गोष्ट इतकी नवी असते की प्रथम थोडे अस्वस्थच वाटते.

दोन्ही बाजूंना गुडघ्याएवढ्या उंचीचे ताड दिसू लागले. पंख्यासारखी पाने, पण खोड जवळजवळ नाहीच. भूमध्य समुद्राकाठचा हा ठेंगणा ताड म्हणजे झिंगारोची ओळखच. त्याच्यामध्ये उंच गवताचे झुबके. स्थानिक लोक त्या गवताला ‘दिसा’ म्हणतात आणि एका किनाऱ्याला त्याचेच नाव मिळाले आहे. पूर्वी या गवताने द्राक्षवेली बांधत आणि झोपड्या शाकारत. ताडाच्या पानांपासून टोपल्या, झाडू, दोर आणि टोप्या विणत. हे विणकाम कसे होत असे हे दाखवणारे लहानसे संग्रहालय वाटेवर आहे. माझ्या पत्नीने तेथील टोपल्यांचे काठ बारकाईने पाहिले आणि म्हणाली, “अहो, आपल्या आजीकडे धान्य पाखडायला अगदी अशाच विणीची टोपली होती.”

जवाहिऱ्यांच्या घरातील वाचकांना रस वाटेल अशी एक गोष्ट येथे सांगतो. या डोंगरावर कॅरोब नावाचे झाड आहे. चिंचेसारख्या लांबट, तपकिरी शेंगा त्याला येतात. त्या शेंगेतील बिया सारख्या वजनाच्या असतात अशी जुन्या काळी समजूत होती आणि भूमध्य समुद्राच्या बाजारपेठांत मौल्यवान वस्तू तोलण्यासाठी त्या वापरत. त्या बीच्या ग्रीक नावावरून अरबी शब्द आला, अरबीवरून इटालियन आणि तेथून आपल्या सराफी दुकानात रोज उच्चारला जाणारा ‘कॅरट’. हिऱ्याचे वजन ज्या शब्दाने आपण सांगतो, त्याचे मूळ अशा एका रानटी झाडाच्या बीमध्ये आहे.

वीस-पंचवीस मिनिटांत पहिला किनारा आला. त्याचे नाव काप्रेरिया. ‘किनारा’ म्हणताच आपल्या डोळ्यांसमोर लांबच लांब वाळू उभी राहते. तसा तो नाही. डोंगराच्या दोन सोंडा समुद्रात उतरतात आणि त्यांच्या बेचक्यात थोडीशी जागा उरते. तेथे पांढरे गुळगुळीत गोटे अंथरलेले. पाणी काठाशी इतके नितळ की खोली समजत नाही. पुढे ते हिरवट होते आणि आणखी पुढे गडद निळे. डोंगर चुनखडीचा आहे, गाळ आणणारी नदी जवळ नाही आणि वस्ती नसल्यामुळे सांडपाणीही नाही. या पाण्याच्या नितळपणामागे एवढी साधी कारणे आहेत.

तेथे भाड्याच्या छत्र्या नव्हत्या, खुर्च्या नव्हत्या, गाणी नव्हती, खाण्याच्या गाड्या नव्हत्या. पत्नी हसून म्हणाली, “अहो, आयुष्यात पहिल्यांदा असे ठिकाण पाहते आहे, जिथे विकत घेण्यासारखे काहीच नाही.” बेरेत्ता, मारिनेल्ला, उझ्झो, तोन्नारेल्ला असे आणखी किनारे पुढे एकामागून एक येत गेले. प्रत्येकाचा आकार वेगळा, पाण्याचा रंग किंचित वेगळा. परंतु रिकामेपणा सर्वत्र सारखाच.

पाण्याखालचे कुरण

एका किनाऱ्यावर करड्या-तपकिरी पानांचा थर साचला होता. मला तो कचरा वाटला. स्वच्छ किनाऱ्याच्या व्यवस्थेत एवढी उणीव कशी राहिली, असा प्रश्न पडला. नंतर कळले की तीच खरी संपत्ती. पोसिडोनिया नावाची एक वनस्पती भूमध्य समुद्राच्या तळाशी कुरणासारखी पसरते. ती शेवाळ नव्हे. तिला मुळे आहेत, पाने आहेत, फुलेही येतात. जगात ती फक्त भूमध्य समुद्रातच आढळते. तिच्या कुरणात असंख्य जलचरांची पिले वाढतात. तिची मुळे तळाची वाळू धरून ठेवतात आणि तिची वाळलेली पाने लाटांबरोबर काठावर येऊन किनाऱ्याची धूप रोखतात. अनेक गजबजलेल्या किनाऱ्यांवर प्रवाशांना आवडत नाही म्हणून ही पाने यंत्राने उचलून नेतात आणि मग काही काळाने किनाराच झिजू लागतो. शिवाय हे कुरण फारच हळू वाढते. जहाजाच्या एका नांगराने उखडलेला तुकडा पुन्हा भरून यायला माणसाचे आयुष्य अपुरे पडावे.

खडकाळ काठावर पाण्याच्या पातळीला लागून, ओट्यासारखा एक सपाट पट्टा दिसतो. त्यावर बसायला कोणालाही मोह व्हावा. परंतु तो निव्वळ दगड नाही. नळीसारख्या शंखांत राहणाऱ्या बारीक गोगलगायी एकमेकींना चिकटून शेकडो वर्षे तो बांधत आल्या आहेत. वरचा थर जिवंत असतो. सुनेने हे सांगितले तसे पत्नीने पुढे टाकलेले पाऊल मागे घेतले. जपून पाऊल टाकावे, ही शिकवण आपल्याकडे लहान मुलांनाही दिली जाते. पायाखालचा दगडही जिवंत असू शकतो, हे मात्र मी त्या दिवशी प्रथमच पाहिले.

याच आखातात १९९० पासून जड जाळी तळावरून ओढत नेण्याच्या मासेमारीला बंदी आहे. सुमारे २०० चौरस किलोमीटर समुद्र त्या बंदीखाली आला. अभ्यासकांनी चार वर्षांनी मोजणी केली तेव्हा तेथील जलचरांचे प्रमाण अनेक पटींनी वाढलेले आढळले. समुद्रात कोणी काही नवीन सोडले नव्हते. केवळ ओरबाडणे थांबवले होते.

आपण व्यापारी लोक मुद्दल आणि व्याज यांतला भेद जाणतो. व्याजावर घर चालवावे, मुद्दलाला हात लावू नये, हा वडीलधाऱ्यांचा पहिला धडा. समुद्राच्या बाबतीत मात्र मुद्दल कोणते आणि व्याज कोणते, हे आपण कधी वेगळे लिहून ठेवलेच नाही.

गुहा, वस्ती आणि एक जुनी सही

अर्ध्याहून अधिक वाट चालून गेल्यावर उझ्झोची गुहा लागते. कड्याच्या पायथ्याशी उघडलेले तिचे तोंड एखाद्या मोठ्या सभामंडपासारखे भव्य आहे. सुमारे दहा हजार वर्षांपूर्वी येथे माणसे राहत होती. उत्खननात त्यांची दफने, शिंपले आणि प्राण्यांची हाडे सापडली. शिकार व कंदमुळे यांवर जगणारा माणूस हळूहळू शेतीकडे व पशुपालनाकडे कसा वळला, हे या गुहेतील थरांवरून अभ्यासकांना वाचता आले. पुढे अगदी अलीकडच्या काळापर्यंत मेंढपाळ येथे आसरा घेत. त्या गुहेतून दिसणारा समुद्र आणि डोंगराची रेघ त्या पहिल्या माणसांनी पाहिली, बहुतेक तशीच आम्ही पाहिली. असे म्हणता येईल अशा जागा आता किती उरल्या?

वर डोंगराच्या कुशीत कुझेन्झा नावाची जुनी वस्ती आहे. दगडी घरे, पाव भाजण्याची भट्टी, जवळच शेतीचे तुकडे. आज तेथे कोणी राहत नाही. गहू, ऑलिव्ह, बदाम यांवर येथील कुटुंबे जगत. ॲश नावाच्या झाडाच्या सालीला चिरा पाडून त्यातून गोठणारा गोड, पांढरा रस गोळा करीत. त्याला ‘मान्ना’ म्हणतात. शेतकऱ्यांच्या अवजारांचे आणि या मान्नाचेही संग्रहालय येथे जपले आहे. तोन्नारेल्लाच्या काठावर मच्छीमारांच्या जाळ्यांचे व होड्यांचे प्रदर्शन आहे, तर स्कोपेल्लोला ट्यूना माशांच्या शिकारीचे जुने, मोठे केंद्र होते. तेथील रक्तरंजित शिकार आता थांबली आहे. पत्नी तिकडे पाहायला आली नाही. आम्हीही तेथे फार वेळ रेंगाळलो नाही. परंतु या किनाऱ्याचा इतिहास केवळ सौंदर्याचा नाही, कष्टाचा आणि हिंसेचाही आहे, एवढे लक्षात ठेवले पाहिजे.

रिकाम्या घरांपुढे बसून आम्ही शिदोरी सोडली. तेव्हा मुलगा म्हणाला, “पप्पा, रस्ता झाला असता तर कदाचित ही माणसे गेली नसती. त्यांच्या बाजूचा विचार कोणी केला?” प्रश्न खोटा नव्हता. रस्ता नसल्याची किंमत कोणीतरी मोजतच असते. परंतु मला त्या क्षणी दुसरेच काही आठवले आणि जे घरात कधी बोललो नव्हतो ते मी बोललो.

आमच्या पेठेतील रस्त्याच्या कडेला पूर्वी वडाची जुनी झाडे होती. मालाच्या गाड्या दुकानापर्यंत येत नाहीत म्हणून रस्ता रुंद करावा, असा अर्ज आम्ही व्यापाऱ्यांनी केला. त्या अर्जावर पहिली सही माझी होती. इतरांच्या सह्या गोळा करायलाही मीच फिरलो. झाडे एका आठवड्यात गेली. रस्ता रुंद झाला आणि वर्षभरात त्या वाढलेल्या रुंदीत दोन्ही बाजूंनी वाहने उभी राहू लागली. मालाची गाडी आजही कोपऱ्यावरच थांबते. उन्हाळ्यात दुपारी गिऱ्हाईक येत नाही, कारण उभे राहायला सावली नाही. दुकानापुढे हिरवे कापड बांधून आम्ही सावली विकत घेतो आणि त्याचा खर्च दरवर्षी वहीत लिहितो. वडाची सावली मात्र कोणत्याच वहीत लिहिलेली नव्हती, म्हणून ती गेल्याचा तोटाही कुठे दिसला नाही.

मुलगा त्या वेळी शाळेत होता. त्याला ही गोष्ट ठाऊक नव्हती. तो काही बोलला नाही.

जे वाचले ते राखावेही लागते

कायदा झाला म्हणजे काम संपले, असे मात्र नाही. झिंगारोच्या वाटेवर काही ठिकाणी काळवंडलेली खोडे दिसतात. ऑगस्ट २०१२ मध्ये येथे मोठी आग लागली आणि ऑगस्ट २०२० मध्ये पुन्हा तशीच. दुसऱ्या आगीत तर या क्षेत्राचा फार मोठा भाग होरपळला आणि काही काळ ते प्रवाशांसाठी बंद ठेवावे लागले. उन्हाळ्यात आफ्रिकेकडून येणारा उष्ण वारा, वाळलेले गवत आणि माणसाचा निष्काळजीपणा किंवा दुष्टपणा, एवढे एकत्र आले की चाळीस वर्षांची राखण एका रात्रीत धुळीला मिळते.

येथील निसर्गाला आगीची काहीशी सवय आहे. ठेंगणा ताड जळाला तरी त्याच्या बुंध्यातून पुन्हा पाने फुटतात आणि दिसा गवतही मुळापासून उगवते. आम्ही पाहिले तेव्हा उतार हिरवे होते. परंतु मोठ्या झाडांचे तसे नाही. त्यांना पुन्हा तेवढे व्हायला दोन पिढ्या लागतील. आगी पुन्हा पुन्हा, थोड्या थोड्या वर्षांनी लागत राहिल्या तर ताडाची चिकाटीही किती पुरेल? बोनेलीचा गरुड, बहिरी ससाणा, डोंगरी तितर असे पक्षी येथील कड्यांवर व उतारांवर वसती करतात. सहाशेहून अधिक प्रकारच्या वनस्पती येथे नोंदल्या गेल्या आहेत. हे सर्व एका काडीच्या अंतरावर आहे. म्हणूनच आत विस्तव पेटवणे व तंबू ठोकून मुक्काम करणे या दोन्ही गोष्टींना सक्त मनाई आहे. १९८० साली लोक एक दिवस चालले. राखणाऱ्यांना मात्र दर उन्हाळ्यात जागे राहावे लागते.

जाऊ इच्छिणाऱ्यांसाठी

आपल्यापैकी अनेक कुटुंबे आता युरोपची सहल करतात. रोम, व्हेनिस, मिलान झाल्यावर दोन दिवस काढता आले तर येथे जरूर जावे. पालेर्मोचा विमानतळ याच बाजूला आहे. तेथून कास्तेल्लाम्मारे देल गोल्फो आणि पुढे स्कोपेल्लो असा प्रवास करावा लागतो. एप्रिल-मे किंवा सप्टेंबर-ऑक्टोबर हा काळ उत्तम. जुलै-ऑगस्टमध्ये ऊन कडक, गर्दी फार आणि आगीचे भय असते. एका दारापासून दुसऱ्या दारापर्यंत किनाऱ्याची वाट सुमारे ७ किलोमीटर. थांबत थांबत गेल्यास तीन तास सहज लागतात. पलीकडून परत आणणारा रस्ता नसल्यामुळे तेवढेच अंतर परत चालावे लागते, याचा हिशेब आधीच करावा. वडीलधारी माणसे बरोबर असतील तर काप्रेरियापर्यंत जाऊन परतले तरी पुरेसे समाधान मिळते. पायांत चांगले बूट, डोक्यावर टोपी आणि प्रत्येकी दोन लिटर पाणी हवेच. वाटेवर सावली थोडी आहे आणि आत दुकान नाही. पत्नीने मुक्कामी पाणी उकळून, गार करून बाटल्या भरून घेतल्या होत्या. त्यांचा फार उपयोग झाला.

आहाराच्या बाबतीत थोडी सावधगिरी ठेवली तर अडचण येत नाही. स्कोपेल्लोचा ‘पाने कुन्झातो’ म्हणजे ऑलिव्ह तेल, टोमॅटो व ओरेगानो घातलेला गरम पाव. त्यात मासा व चीज घालण्याची रीत आहे. ते दोन्ही वगळायला सांगावे. येथील मेंढीच्या दुधाचे चीज बनवताना कोकराच्या जठरातील विरजण वापरतात, हे अनेकांना ठाऊक नसते. सुका पास्ता रव्याचा असतो. ताज्या पास्त्यात अंडे असू शकते. बदामाचा किंवा लिंबाचा ‘ग्रानिता’ हा बर्फाळ पदार्थ आपल्याला चालण्यासारखा आहे. मात्र त्याबरोबर मिळणाऱ्या गोड पावात अंडे असते. ‘सेन्त्सा आल्यो, सेन्त्सा चिपोल्ला’, म्हणजे लसूण नको, कांदा नको, एवढे पाठ करून ठेवावे. मे महिन्यात सूर्यास्त आठच्या सुमारास होतो, परंतु उपाहारगृहांची रात्रीची चूल साडेसातच्या आधी क्वचितच पेटते. म्हणून सूर्यास्तापूर्वी जेवण्याचा नियम असणाऱ्यांनी स्वयंपाकघर असलेली खोली घ्यावी. आम्ही खाखरा, दशम्या आणि शेंगदाण्याची चटणी नेली होती. झिंगारोच्या गोट्यांवर बसून खाल्लेल्या त्या दशमीची चव अजून जिभेवर आहे. जाताना कचऱ्याची पिशवी मात्र बरोबर न्यावी आणि भरून परत आणावी.

परतीची वाट

आम्ही तोन्नारेल्लाच्या किनाऱ्यापर्यंत गेलो आणि तेथून फिरलो. उन्हे कलली होती. डोंगराची सावली हळूहळू पाण्यावर सरकत होती. तीच वाट, तेच किनारे, परंतु उलट क्रमाने. सकाळी जे रिकामे वाटले होते ते आता रिकामे वाटत नव्हते.

बोगद्यापाशी पोहोचलो तेव्हा चौघेही थकलो होतो. आत थोडा वेळ थंडाव्याला उभे राहिलो. भिंतींवर यंत्रांनी फोडलेल्या दगडाच्या खुणा आहेत. येथपर्यंत खर्च झाला होता, माणसे कामाला लागली होती, माघार घेणे लाजिरवाणे वाटावे इतके काम पुढे गेले होते. तरी माघार घेतली गेली. व्यवहारात आपण चुकीच्या सौद्यात पैसे अडकले की त्यांना वाचवण्यासाठी आणखी पैसे घालतो. वेळेवर हात आखडता घेणे ही व्यापारातली सर्वांत अवघड कला आहे आणि ती त्या लोकांना साधली.

बोगद्यातून बाहेर पडता पडता मुलाने विचारले, “पप्पा, आपल्या पेठेत ती झाडे किती होती?”

“सात,” मी म्हणालो.

“आता रस्ता रुंद आहेच. कडेला जागा काढली तर किती बसतील?”

या प्रश्नाचे उत्तर मला तेथे देता आले नाही. घरी परतल्यावर आम्ही दोघांनी एका सकाळी, दुकाने उघडण्यापूर्वी, टेप घेऊन रस्त्याची कडा मोजली. वाहने उभी करण्याची जागा थोडी सोडली तर पाच झाडे बसतात. शेजारच्या दुकानदारांशी बोलणे सुरू आहे. सर्वांचे मत अजून अनुकूल नाही. काहींना आपल्या दुकानाची पाटी झाकली जाईल अशी भीती वाटते. या खेपेसही सह्या गोळा करायला मीच फिरतो आहे.